चित्रसंपादनाचे सॉफ्टवेअर निवडताना : ठाणे-नवी मुंबईतील वाचकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नौपाड्यातला फोटो स्टुडिओ, खारघरच्या फ्लॅटमधून चालणारा साड्यांचा व्यवसाय, ऐरोलीच्या खाडीत पक्षी टिपायला जाणारा हौशी छायाचित्रकार आणि घोडबंदर रस्त्यावरच्या गृहसंकुलाची उत्सव समिती या सगळ्यांना फोटोंवर काम करायचे असते, मात्र प्रत्येकाचे काम वेगळे असते. त्यामुळे ‘सगळ्यात चांगले सॉफ्टवेअर कोणते?’ या प्रश्नाचे एकच उत्तर येथे सापडणार नाही. किमती आणि योजना सतत बदलत असल्याने रुपयांचे आकडेही दिलेले नाहीत. ते त्या त्या कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहावेत आणि दाखवलेल्या रकमेत १८ टक्के जीएसटी धरला आहे की तो वेगळा लागणार आहे, हेही तेथेच तपासावे.

निवडीची सुरुवात कोठून करावी?

आपले चित्र शेवटी कोठे जाणार आहे, हे आधी ठरवावे. बहुतेक जण वैशिष्ट्यांच्या याद्या समोर ठेवून तुलना करत बसतात आणि कधीही न लागणाऱ्या सोयींसाठी पैसे मोजतात. चित्र व्हॉट्सॲप किंवा इन्स्टाग्रामवर जाणार असेल, तर जवळजवळ कोणतेही सॉफ्टवेअर चालते. ते फोटो लॅबमध्ये छापायला जाणार असेल, तर रंगांची आणि आकारमानाची शिस्त पाळणारे सॉफ्टवेअर लागते. ते एखाद्या जाहिरात संस्थेकडे किंवा प्रकाशकाकडे जाणार असेल, तर समोरच्याला कोणती फाइल उघडता येते यावरच सारे ठरते. तेथे आपल्या आवडीनिवडीला फारसा वाव उरत नाही. बजेटचा विचार यानंतर करावा, कारण यांपैकी निम्म्याहून अधिक गरजा आज एक रुपयाही खर्च न करता भागतात.

मोबाइलवरचे ॲप पुरेसे नाही का?

पुष्कळांना पुरेसे आहे. गूगलचे स्नॅपसीड मोफत आहे आणि त्यात फोटोच्या ठरावीक भागापुरताच उजेड किंवा रंग बदलता येतो. तलावपाळीवर संध्याकाळी काढलेल्या फोटोत चेहरा काळवंडला असेल, तर तो उजळण्यासाठी लॅपटॉप उघडण्याची गरज नाही. मात्र एकाच वेळी पन्नास-शंभर फोटोंना सारखे संस्कार द्यायचे असतील, बारीक निवड करायची असेल किंवा छपाईसाठी नेमके आकारमान ठरवायचे असेल, तर मोठा पडदा आणि माउस हाताशी असलेले बरे.

मोफत सॉफ्टवेअरमध्ये कोणते घ्यावे?

येथे जरा सविस्तर लिहायला हवे, कारण गेल्या काही वर्षांत चित्र पुष्कळ बदलले आहे.

गिंप हे सर्वांत जुने आणि परिचित नाव आहे. त्याची सुरुवात १९९५ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील दोन विद्यार्थ्यांनी केली आणि आजही ते मुक्त स्रोत असून विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्ही प्रणालींवर चालते. त्याविषयीची जुनी तक्रार अशी होती, की एकदा परिणाम दिला की तो चित्रात कायमचा मुरतो आणि नंतर त्यात फेरफार करता येत नाही. मार्च २०२५ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीत हे बदलले असून आता लेयरवर (चित्राच्या एकावर एक ठेवलेल्या थरांपैकी एकावर) दिलेले फिल्टर नंतरही बदलता किंवा काढून टाकता येतात. त्यामुळे पाच-सात वर्षांपूर्वी गिंप वापरून सोडून दिलेल्यांनी ते पुन्हा एकदा पाहायला हरकत नाही. मांडणी अंगवळणी पडायला मात्र वेळ लागतो आणि फोटोशॉपवर हात बसलेल्या माणसाची पहिल्या आठवड्यात चिडचिड होते.

ॲफिनिटीची गोष्ट वेगळी आहे. सेरिफ या ब्रिटिश कंपनीचे हे सॉफ्टवेअर पूर्वी एकरकमी किमतीला मिळत असे. मार्च २०२४ मध्ये कॅन्व्हा या ऑनलाइन डिझाइन सेवा देणाऱ्या कंपनीने ती कंपनी विकत घेतली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये फोटो, रेखांकन व पानांची मांडणी हे तिन्ही भाग एकाच ॲपमध्ये आणून ते मोफत केले. त्यासाठी कॅन्व्हाचे मोफत खाते काढावे लागते आणि कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने हवी असल्यास कॅन्व्हाची सशुल्क योजना घ्यावी लागते. गुणवत्तेच्या दृष्टीने हे व्यावसायिक दर्जाचे सॉफ्टवेअर आहे आणि नव्याने सुरुवात करणाऱ्याने प्रथम हेच बसवून पाहावे, असे माझे मत आहे. मात्र मोफत देण्याचा निर्णय कंपनीच्या मर्जीवर आहे आणि कंपन्यांची मर्जी बदलते. गिंपच्या बाबतीत ही धाकधूक नाही. शिवाय मराठी अक्षरांचा मुद्दा आहेच. त्याविषयी पुढे वेगळे लिहिले आहे.

कार्यालयातल्या संगणकावर काहीही बसवण्याची परवानगी नसेल, तर फोटोपिया उपयोगी पडते. ते ब्राउझरमध्येच उघडते, फोटोशॉपच्या पीएसडी फायली वाचते आणि जाहिराती दाखवून मोफत चालते. चित्रावरची प्रक्रिया आपल्याच संगणकावर होत असल्यामुळे फाइल दूरच्या सर्व्हरवर चढवावी लागत नाही. महापे किंवा वाशीच्या एखाद्या कंपनीत मनुष्यबळ विभागात काम करणाऱ्याला महिन्यातून चार ओळखपत्रांचे फोटो कापायचे असतील, तर याहून अधिक काही नको. फक्त विंडोजवर चालणारे पेंट डॉट नेट हाही एक सुटसुटीत पर्याय आहे आणि जुन्या संगणकावर ते गिंपपेक्षा चपळ वाटते.

मग फोटोशॉपसाठी दरमहा पैसे भरणे केव्हा योग्य ठरते?

आपल्या हातून गेलेली फाइल पुढे दुसऱ्या व्यावसायिकाच्या हातात जाणार असेल, तेव्हा. फोटोशॉपची पहिली आवृत्ती १९९० साली आली आणि गेल्या साडेतीन दशकांत जाहिरात व प्रकाशन व्यवसायाची घडी त्याच्या फाइलभोवतीच बसली. पीएसडी फाइल इतर सॉफ्टवेअरमध्ये उघडते हे खरे, परंतु लेयरवरचे परिणाम, मजकूर आणि स्मार्ट ऑब्जेक्ट (मूळ रूप न बिघडवता आत ठेवलेली चित्रे) जसेच्या तसे उतरतील याची खात्री नसते. रात्री दहा वाजता समोरचा कला दिग्दर्शक ‘फाइल तुटली आहे’ असे कळवतो, तेव्हा वाचवलेली वर्गणी महागात पडलेली असते.

एकरकमी विकली गेलेली शेवटची आवृत्ती सीएस६ ही होती. २०१३ पासून फोटोशॉप बनवणाऱ्या ॲडोबीने नव्या आवृत्त्या केवळ वर्गणीवर देण्याचे धोरण स्वीकारले. वर्गणी घेताना एक गोष्ट बारकाईने वाचावी. ‘वार्षिक योजना, हप्ता दरमहा’ आणि ‘मासिक योजना’ या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीचा हप्ता कमी असतो, पण आपण वर्षभराचा करार केलेला असतो आणि सुरुवातीचे १४ दिवस उलटल्यावर मध्येच ती बंद केल्यास शुल्क लागू शकते. हे शुल्क ग्राहकांपासून दडवले जाते, असा आक्षेप घेऊन अमेरिकी सरकारने जून २०२४ मध्ये ॲडोबीविरुद्ध दावा दाखल केला होता. लग्नसराईच्या तीन-चार महिन्यांपुरतेच काम असणाऱ्यांनी म्हणूनच दोन्ही योजनांचा हिशेब कागदावर मांडून पाहावा. महाग वाटणारी मासिक योजना त्यांना वर्षाअखेरीस स्वस्त पडण्याची शक्यता असते. विद्यार्थी व शिक्षकांसाठी स्वतंत्र सवलतीचा दर असतो, तो न विचारता पूर्ण रक्कम भरू नये.

एकदाच पैसे भरून कायमचे सॉफ्टवेअर मिळत नाही का?

असे पर्याय कमी होत चालले आहेत. घरगुती वापरासाठीचे फोटोशॉप एलिमेंट्स एकरकमी मिळते खरे, परंतु २०२५ च्या आवृत्तीपासून त्याचा परवाना तीन वर्षांचाच असतो. मॅक वापरणाऱ्यांसाठी पिक्सेलमेटर प्रो हा एकरकमी खरेदीचा चांगला पर्याय आहे. ती कंपनी आता ॲपलच्या मालकीची आहे.

ऐरोलीच्या खाडीत रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचे फोटो काढतो. मला काय लागेल?

आपण रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या सेन्सरची प्रक्रिया न केलेली नोंद जपणाऱ्या फाइलमध्ये, फोटो काढत असाल, तर चित्रसंपादकाआधी रॉ प्रक्रिया करणारे सॉफ्टवेअर लागेल.

ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर स्थळाचा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा) दर्जा मिळाल्यापासून हिवाळ्यात व उन्हाळ्याच्या सुरुवातीला कॅमेरे घेऊन येणाऱ्यांची गर्दी वाढली आहे आणि जवळपास प्रत्येकाची तक्रार सारखीच असते : आकाश राखाडी, पाणी मातकट आणि पंखांचा गुलाबी रंग सपाट. यातील शेवटच्या तक्रारीचे कारण समजून घेण्याजोगे आहे. गुलाबी पिसांत लाल रंगाचे प्रमाण हिरव्या व निळ्या रंगांहून जास्त असते, त्यामुळे उन्हात लाल वाहिनी (चित्रातली लाल रंगाची नोंद) सर्वांत आधी भरून वाहते आणि पिसांमधील रेषा नाहीशा होऊन नुसता रंगाचा डाग उरतो. जेपेग फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, तर १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४. त्यामुळे कॅमेऱ्याच्या सेन्सरवरच रंग पूर्ण भरून गेला नसेल, तर रॉमधून पिसांची रेघ न् रेघ परत आणता येते. जेपेगमध्ये ती परत आणण्यासारखी उरलेलीच नसते. त्यासाठी संपूर्ण चित्राची रंगतीव्रता वाढवण्याचा मोह टाळून केवळ लाल-किरमिजी छटांची तेजस्विता खाली आणावी आणि धूसरपणा घालवण्याचे साधन आकाशावर जपून वापरावे. नाहीतर आकाशातील सेन्सरवरच्या धुळीचे ठिपकेही ठळक होतात.

हे काम ॲडोबीच्या लाइटरूममध्ये सर्वांत सहज होते आणि हजारो फोटोंची वर्गवारी हे तर त्याचे बलस्थानच आहे. पैसे खर्चायचे नसतील तर डार्कटेबल आणि रॉथेरपी ही दोन्ही मोफत सॉफ्टवेअर ताकदीने तोडीस तोड आहेत. डार्कटेबल शिकायला मात्र चिकाटी हवी. पुष्कळांच्या ध्यानात न येणारा तिसरा मार्ग म्हणजे कॅमेरा कंपनीचेच मोफत सॉफ्टवेअर. निकॉनचे एनएक्स स्टुडिओ, कॅननचे डिजिटल फोटो प्रोफेशनल आणि सोनीचे इमेजिंग एज हे त्या त्या कॅमेऱ्याचे रंग अचूक उतरवतात. नवा कॅमेरा घेतला असेल तर आपल्या जुन्या सॉफ्टवेअरला त्याची रॉ फाइल वाचता येते का, हे आधी पाहावे. वाचता येत नसेल तर रॉ फाइल डीएनजी या अधिक सॉफ्टवेअरना वाचता येणाऱ्या स्वरूपात बदलणारा ॲडोबीचा मोफत डीएनजी कन्व्हर्टर वापरून वाट काढता येते.

घरगुती फराळाचे फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीवर हवे आहेत. एका क्लिकमध्ये पार्श्वभूमी काढणारे ॲप चालेल का?

करंजी, लाडू किंवा शंकरपाळे असतील तर चालेल. चकली असेल तर नीट पाहून घ्यावे. चकलीचे काटे बारीक असतात आणि वेटोळ्यांच्या मधल्या फटींतून खालचा टेबलक्लॉथ डोकावत असतो. आपोआप निवड करणारी बहुतेक साधने काट्यांची टोके गुळगुळीत करून टाकतात आणि फटींतला जुना रंग तसाच ठेवतात, त्यामुळे चकली मऊ पडल्यासारखी दिसते आणि ग्राहकाला तेच खटकते. म्हणून एखादे ॲप विकत घेण्यापूर्वी त्यावर चकलीचाच फोटो तपासावा, ही माझी शिफारस आहे. चित्र २०० टक्के मोठे करून कडा पाहाव्यात आणि निवडीनंतर मास्क (कोणता भाग दिसावा हे ठरवणारा पडदा) हाताने दुरुस्त करण्याची सोय त्यात आहे का, हे बघावे. ती सोय गिंप, ॲफिनिटी, फोटोपिया आणि फोटोशॉप या सर्वांत आहे. एका क्लिकच्या अनेक ॲपमध्ये मात्र नसते. खिडकीजवळ पांढऱ्या कार्डशीटवर फोटो काढल्यास यातील निम्मे काम मुळातच वाचते, हे ओघाने आलेच.

पैठणीच्या फोटोंना वेगळी अडचण येते. जरीवर परावर्तित झालेला उजेड आणि मोबाइलने परस्पर वाढवलेली रंगतीव्रता यामुळे साडी प्रत्यक्षात आहे त्याहून भडक दिसते आणि माल परत येतो. येथे महागडे सॉफ्टवेअर नको. फोटो काढताना शेजारी एक पांढरा कागद ठेवावा आणि व्हाइट बॅलन्सच्या साधनाने त्या कागदावर टिचकी मारावी.

चित्रावर मराठी मजकूर लिहिताना अक्षरे का तुटतात?

देवनागरीत टाइप केलेला क्रम आणि दिसणारा क्रम एक नसतो. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतर टाइप होते पण त्याच्या आधी दिसते आणि रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो. ही जुळणी सॉफ्टवेअरला करता आली पाहिजे. चाचणीसाठी ‘हार्दिक’ हा शब्द पुरेसा आहे, कारण त्यात रफार आणि ऱ्हस्व वेलांटी एकाच अक्षरावर येतात. त्याच्या जोडीला ‘वऱ्हाड’, ‘उद्घाटन’ आणि ‘कर्तृत्व’ हे शब्द टाइप करून पाहावेत. चारही शब्द नीट उमटले तर पुढे जावे.

गिंपमध्ये ही जुळणी सहसा व्यवस्थित होते. फोटोशॉपच्या काही आवृत्त्यांत परिच्छेदाच्या पॅनेलमधून ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ हा पर्याय निवडावा लागतो. तो न निवडल्याने अक्षरे तुटली म्हणून लोक उगाच फॉन्टला दोष देतात. ॲफिनिटीच्या पूर्वीच्या आवृत्त्या भारतीय लिप्यांच्या बाबतीत कच्च्या होत्या, म्हणून तेथे ही चाचणी अवश्य करावी. फॉन्टपुरते बोलायचे तर मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचे ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे दोन्ही फॉन्ट मोफत व व्यावसायिक वापरास खुले आहेत. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ हवे असतील तर टिरो देवनागरी मराठी पाहावा.

मंडळाचा फ्लेक्स कशात करावा?

फ्लेक्स हे मुख्यतः मजकूर आणि रेषांचे काम आहे, म्हणून ते फोटो संपादकात पूर्ण करण्याचा हट्ट धरू नये. फोटो कापून, उजळून तयार करावा आणि मांडणी कोरलड्रॉ, इंकस्केप किंवा ॲफिनिटीसारख्या वेक्टर (रेषांच्या आकृत्यांवर चालणाऱ्या) सॉफ्टवेअरमध्ये करावी. आपल्याकडचे बहुतेक फ्लेक्सवाले कोरलड्रॉवरच काम करतात आणि त्यांच्याकडे अजूनही जुन्या पद्धतीचे, युनिकोड (सर्व संगणकांवर सारखी चालणारी अक्षरपद्धत) नसलेले मराठी फॉन्ट असतात. त्यामुळे आपण पाठवलेला युनिकोड मजकूर त्यांच्या संगणकावर भलताच दिसू शकतो. फाइल देण्यापूर्वी मजकूर कर्व्हमध्ये, म्हणजे अक्षरांच्या आकृत्यांमध्ये, रूपांतरित करावा किंवा सरळ पीडीएफ द्यावी, आणि देण्याआधी नावांचे शुद्धलेखन दोघांकडून तपासून घ्यावे, कारण कर्व्ह केल्यावर ते सुधारता येत नाही.

आकारमानाचा बाऊ करू नये. लांबून पाहायच्या १० बाय ४ फुटांच्या फ्लेक्सला इंचाला ७२ पिक्सेल चालतात, म्हणजे ८,६४० बाय ३,४५६ पिक्सेल. याउलट हातात धरून पाहायच्या ६ बाय ४ इंचांच्या फोटोला इंचाला ३०० प्रमाणे १,८०० बाय १,२०० पिक्सेल हवेत. कोणतीही फाइल व्हॉट्सॲपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणूनच पाठवावी. फोटो म्हणून पाठवल्यास ती दाबून लहान केली जाते.

आजी-आजोबांचे जुने फोटो दुरुस्त करायचे आहेत. कृत्रिम बुद्धिमत्तेवर विसंबावे का?

ओरखडे, डाग आणि पिवळेपणा घालवण्यासाठी जरूर विसंबावे. चेहऱ्यासाठी विसंबू नये. चेहरा ‘सुस्पष्ट’ करणारी साधने हरवलेला तपशील परत आणत नाहीत, तर अंदाजाने नवा रचतात. आजोबांच्या नाकाची ठेवण बदलते, आजीच्या नथीचे मोती वाढतात आणि पाहणाऱ्याला काहीतरी चुकते आहे एवढेच जाणवते. हील आणि क्लोन ही जुनी साधने हळू असली तरी प्रामाणिक आहेत आणि ती गिंप, ॲफिनिटी आणि फोटोपिया या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आहेत. खर्च करायचाच असेल तर चांगल्या स्कॅनवर करावा. छोटा फोटो दुप्पट आकारात छापायचा असल्यास ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके), तपशील न गमावणाऱ्या टिफ स्वरूपात स्कॅन करावा आणि मूळ फाइल हात न लावता वेगळी जपून ठेवावी. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नये. तो काचेसकटच स्कॅन करता येतो.

माझा लॅपटॉप जुना आहे. तो चालेल का?

फोटोशॉपसाठी किमान ८ जीबी रॅम लागते आणि १६ जीबीची शिफारस आहे. त्याहून कमी असेल तर पेंट डॉट नेट किंवा फोटोपियावर समाधान मानावे. हार्डडिस्कच्या जागी एसएसडी बसवणे हा जुन्या लॅपटॉपवरचा सर्वांत सार्थकी लागणारा खर्च आहे. छापलेले फोटो नेहमी काळे येत असतील, तर सॉफ्टवेअर बदलण्याआधी पडद्याचा उजेड कमी करून पाहावा. बहुतेकांचा पडदा गरजेपेक्षा जास्त उजळ असतो.

ओळखीचा माणूस ‘क्रॅक’ केलेले फोटोशॉप टाकून देतो. घ्यावे का?

घेऊ नये. अशा प्रतींसोबत अनेकदा संगणकात घातक प्रोग्रामही शिरतात आणि त्याच संगणकावरून आपण बँकेचे व्यवहार करत असतो. कायद्याच्या दृष्टीने पाहता, प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम ६३ब नुसार बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. वापर व्यवसायासाठी नसल्यास न्यायालय कैद टाळून केवळ दंड करू शकते, परंतु स्टुडिओ किंवा दुकानाला ती सवलत मिळण्याची आशा नाही.

पुढे सॉफ्टवेअर बदलले तर जुन्या फायलींचे काय होते?

हा प्रश्न पैसे भरण्यापूर्वी विचारायला हवा. गिंपची एक्ससीएफ आणि ॲफिनिटीची स्वतःची फाइल इतरत्र सहज उघडत नाही. लाइटरूममधील बदल तर फोटोत नसून त्याच्या कॅटलॉगमध्ये असतात आणि डार्कटेबल ते फोटोशेजारच्या छोट्या एक्सएमपी फाइलमध्ये लिहिते, जी कॉपी करताना हमखास मागे राहते. म्हणून प्रत्येक पूर्ण झालेल्या कामाच्या तीन प्रती ठेवाव्यात : मूळ फोटो, लेयरसह संपादनाची फाइल आणि कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडेल अशी १६ बिट टिफ. वर्गणी बंद करणार असाल तर शेवटचा महिना या निर्यातीसाठी राखून ठेवावा आणि टिफ फायली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिल्यानंतरच खाते बंद करावे.